एकुलती एक सदस्य

मोठ्या बाई कुठल्याही प्रशिक्षणाला जाऊन आल्या, की शाळेतले शिक्षक आठवडाभर त्यांच्या खोलीवरून जायचं टाळून मागच्या जिन्याने ये-जा करत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मागच्या खेपेला त्या रंगांचा बुद्धीवर परिणाम होतो असं ऐकून आल्या आणि बघता बघता सगळ्या वर्गांच्या भिंती लिंबाच्या रंगाच्या झाल्या. त्याच्या आधी श्वासोच्छ्वास आला होता. या खेपेला त्यांनी नेतृत्व आणलं.

प्रत्येक मुलाच्या आत एक नेता झोपलेला असतो आणि त्याला उठवणं हे आपलं काम आहे, असं त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं. भूगोलाच्या बाईंच्या मनात आलं, की आपल्या वर्गात दुपारच्या तासाला नुसता नेताच नाही, अख्खं मूल झोपलेलं असतं आणि तेही उठत नाही. पण त्यांनी हुकूम वहीत उतरवून घेतला. नववीचा वर्ग त्यांच्याकडे होता आणि नोकरीतलं त्यांचं एकच धोरण होतं. वरून आलेलं काम लगेच आणि पुरेपूर करून टाकायचं, म्हणजे ते पुन्हा आपल्याकडे येत नाही.

हुकूम असा होता, की प्रत्येक मुलाला अभ्यासाबाहेरच्या एखाद्या उपक्रमात नेतृत्वाची संधी मिळालीच पाहिजे. सत्राच्या अखेरीला संस्थेचं पाहणी मंडळ येणार होतं. वर्गावर्गांतून फिरून ते उपक्रम बघणार आणि मग शाळेला सभागृह बांधायला मंजुरी द्यायची की नाही ते ठरवणार. त्यामुळे प्रकरण थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. शाळेची नाटकं वर्षानुवर्षं जेवणाच्या खोलीत होत आली होती. नाटकातला राजा मरायला टेकला, की मागच्या फळीवरचे पेले हमखास खडखडत आणि प्रेक्षकांना दुःख करणं जड जाई.

रविवारी भूगोलाच्या बाई कागद-पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. गायन, नाट्य, वादसभा, बाग, बुद्धिबळ, स्वच्छता, वाचनालय इथपर्यंत गाडी झरझर गेली. मग अडली. वर्ग तर अजून निम्मासुद्धा संपला नव्हता. बाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. रविवारी ते बंद असे आणि त्या दिवशी ते बायकोच्या कामात लक्ष घालत. त्यांनी खिडकीप्रमुख सुचवला. खडूप्रमुख सुचवला. हरवलं-सापडलंप्रमुख सुचवला. शेवटी कंटाळून ते म्हणाले, की एवढे प्रमुख झाले तर त्यांचा मेळ घालायला आणखी एक प्रमुख लागेल. ते हे गमतीने म्हणाले होते, पण बाईंनी लगेच 'समन्वयप्रमुख' असं लिहून टाकलं.

सोमवारी पदं वाटली गेली, पुठ्ठ्याचे बिल्ले लावले गेले आणि वर्ग फुलून आला. खडूप्रमुख झालेल्या मुलाचं तोंड आधी उतरलं होतं. पण बिल्ल्यावर 'खडू' बारीक अक्षरात आणि 'प्रमुख' ठळक अक्षरात आहे हे बघून त्याची समजूत पटली. सगळं सुरळीत चाललं होतं. भित्तिपत्रकाचा शेवटचा बिल्ला हातात धरून बाई शेवटून दुसऱ्या बाकाशी आल्या. तिथे एक घट्ट वेणीची, बारीक चणीची मुलगी बसत असे. तिने बिल्ल्याकडे बघितलं आणि हात काही पुढे केला नाही.

"बाई, मला नको."

"अगं, भित्तिपत्रकाला फार काही काम नसतं."

"कामाला नाही म्हणत नाही मी. प्रमुख नका करू. घरी मी थोरली आहे, खाली तिघं आहेत. शाळेत तरी जरा कुणाच्या मागे बसू द्या."

बाई त्यांच्या घरातलं शेंडेफळ. त्यामुळे हे म्हणणं त्यांच्या नीटसं ध्यानात आलं नाही. पण तास संपत आला होता. त्यांनी तो बिल्ला खिडकीप्रमुखाच्या दुसऱ्या खांद्यावर लावून टाकला आणि मुलीच्या नावापुढे 'सदस्य' असं लिहिलं. एका पोरीने पद घेतलं नाही म्हणून काही सभागृह अडत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या दिवसापासून अख्खा वर्ग तिला 'थोरली' म्हणायला लागला.

घोडं अडलं ते शुक्रवारी. शुक्रवारचे शेवटचे दोन तास उपक्रमांसाठी राखून ठेवले होते. तास सुरू झाला आणि प्रत्येक प्रमुख आपापल्या जागी जाऊन उभा राहिला. गायनप्रमुख संगीताच्या खोलीत रिकाम्या खुर्च्यांसमोर हात उंचावून उभा. नाट्यप्रमुखाने सहा पात्रांचं नाटक निवडलेलं आणि पात्रांचा पत्ता नाही. वादसभाप्रमुख मुलीने जोरदार मुद्दे काढून आणले होते, पण वाद घालायला समोर कुणीच नव्हतं, म्हणून ती दाराच्या चौकटीशी घुटमळत होती. बागप्रमुखाला वाटलं स्वच्छताप्रमुख पाणी आणून देईल. स्वच्छताप्रमुखाला वाटलं बागप्रमुख पानं गोळा करेल. समन्वयप्रमुख मात्र भलताच खुशीत होता. तो सगळ्यांकडे जाऊन काय चाललंय असं विचारत होता आणि काहीच चाललेलं नाही हे ऐकून पुढे जात होता.

बाई व्हरांड्यातून फेरी मारायला निघाल्या आणि तिथेच थबकल्या. आपल्या हातून काय झालंय ते त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. वर्ग भरून पुढारी झाले होते आणि मागे चालायला माणूस उरला नव्हता.

एक उरलं होतं. ते सगळ्यांना एकदमच आठवलं. निरनिराळ्या दारांतून प्रमुख धावत सुटले आणि नववीच्या वर्गात शिरले. थोरली आपल्या बाकावर शांतपणे गोष्टीचं पुस्तक वाचत बसली होती. तिने मान वर केली तेव्हा सगळे बिल्ले तिच्यासमोर होते.

पहिल्या शुक्रवारी तिने कुणालाच नाही म्हटलं नाही. ती गायली, वादसभेत विरोधी बाजूने बोलली, नाटकात राजाची मुलगी झाली आणि राजाही झाली, झाडांना पाणी घालून आली, बुद्धिबळात हरली आणि खडूप्रमुखाने खाली टाकलेले तुकडे उचलत फिरली. शाळा सुटली तेव्हा तिची वेणी सुटली होती आणि घसा बसला होता. भूगोलाच्या बाईंना तिची दया आली. सोमवारी आपण काहीतरी मार्ग काढू, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि सोमवारी त्यांच्याकडे नकाशांच्या वह्यांचा गठ्ठा आला.

पुढच्या शुक्रवारी बिल्ले पुन्हा बाकाशी जमले. या वेळी थोरलीने पुस्तकात खूण घातली, ते मिटलं आणि एकेकाने बोला म्हणून सांगितलं. गायनप्रमुख पुढे झाला. गाण्याला ती यायला तयार होती; पण एकट्याने गाण्यात काही अर्थ नाही, सोबत बागप्रमुख आणि बुद्धिबळप्रमुखही हवेत, असं तिचं म्हणणं होतं. ते दोघे म्हणाले, आम्ही का म्हणून यायचं, आम्ही प्रमुख आहोत. ती म्हणाली, नका येऊ, मग मी बागेत येणार नाही आणि बुद्धिबळालाही येणार नाही. दोघेही मुकाट्याने गायला गेले. बागप्रमुखाचा आवाज चांगला खर्जातला निघाला, हे त्या दिवशी त्याच्यासकट सगळ्यांना प्रथमच कळलं.

मग ती गायनप्रमुखाला घेऊन बागेत गेली. वादसभाप्रमुख मुलीला नाटकात राजमाता केलं, कारण तिला मध्ये मध्ये बोलल्याशिवाय राहवत नसे आणि राजमातेचं सगळं कामच ते होतं. स्वच्छताप्रमुखाला तिने सांगितलं, की वर्गाचा अर्धा भाग मी झाडते, अर्धा तू झाड, नाहीतर अख्खा वर्ग तुझा. त्याने आयुष्यात पहिल्यांदा केरसुणी हातात धरली आणि तिची उलटी-सुलटी बाजू कोणती असं विचारलं. पुढचे कितीतरी शुक्रवार असे गेले आणि बाई बघतच राहिल्या. वर्गात गाणं होत होतं, नाटक उभं राहत होतं, बागेत कोबी धरला होता. प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली राबत होता आणि आपण थोरलीला आपल्याकडे ओढून आणलं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

बाईंनी घरी हे कौतुकाने सांगितलं. नवरा चष्म्याची काच पुसत म्हणाला, की आता पालक येतील.

ते आलेच. सगळ्यात आधी थोरलीची आई आली. ती इस्पितळात परिचारिका होती आणि गणवेशावरच आली होती. आपल्या मुलीला एकटीलाच पद दिलं नाही म्हणून भांडायला आली असणार, असं समजून बाईंनी आधीच पाणी पुढे केलं. पण तिची तक्रार वेगळीच होती.

"तिनं घरी धाकट्यांना प्रमुख करून टाकलंय, बाई. एक दूधप्रमुख, एक अंथरूणप्रमुख, एक चपलांचा. आणि मला काय केलंय माहितीये? सदस्य."

"मग तुम्हाला त्रास होतो का?"

"त्रास म्हणजे, अहो, दूध उतू गेलं की चार वर्षांचं पोर मला बोलावून जाब विचारतं." तिने पाण्याचा घोट घेतला. "पण घर आवरलेलं असतं हो. मी कामावरून येते तर चपला ओळीत असतात. म्हटलं, विचारून यावं, हे असंच राहणार आहे का सत्र संपल्यावर जाईल."

बाईंनी सांगता येत नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गायनप्रमुखाचे वडील आले. ते वकील होते आणि खुर्चीवर बसताना कोटाची बटणं सोडत, म्हणजे समोरच्याला आता वेळ लागणार हे कळे. त्यांनी अशी बाजू मांडली, की त्यांचा मुलगा पदाधिकारी असून कोबीला पाणी घालतो आणि सदस्य म्हणवणारी मुलगी मात्र कुणी कुठे जायचं ते ठरवते. यावरून वर्गात खरी सत्ता कुठे आहे हे उघड आहे. तेव्हा त्यांच्या मुलाचं प्रमुखपद काढून त्याला तातडीने सदस्य करण्यात यावं. बाईंनी समजावून पाहिलं, की सदस्य म्हणजे काही बढती नव्हे. वकील हसले. बाई काहीतरी दडवताहेत याबद्दल त्यांची खात्रीच पटली.

गायनप्रमुखाने बिल्ला परत केला, ही बातमी मधल्या सुट्टीत पसरली. दोन दिवसांच्या आत बाईंच्या टेबलावर बिल्ल्यांचा ढीग जमला. कुणी घरून चिठ्ठी आणली होती, कुणी डोळ्यांत पाणी आणलं होतं. खिडकीप्रमुखाने दोन्ही खांदे मोकळे केले. समन्वयप्रमुख शेवटपर्यंत तग धरून होता, पण समन्वय करायला कुणी उरलं नाही म्हटल्यावर त्यानेही बिल्ला काढला. पाहणी मंडळ सोमवारी येणार होतं. शनिवारी दुपारी नववीच्या वर्गात एकही प्रमुख नव्हता आणि सगळेच्या सगळे सदस्य होते. बाईंनी कपाळाला हात लावला. आता मोठ्या बाईंना काय तोंड दाखवायचं, आणि सभागृह हातचं गेलं तर शिक्षकांच्या खोलीत कुठल्या खुर्चीवर बसायचं?

त्यांनी थोरलीला बाजूला घेतलं. कुठलंही एक पद घे, दोन दिवसांपुरतं घे, अशी अक्षरशः विनवणी केली. थोरलीने नकारार्थी मान हलवली.

"पण बाई, आता बिघडलं काय? आधी कुणाला बोलावलं तर तो म्हणायचा, मी प्रमुख आहे. आता कुणालाही हाक मारली तरी यावंच लागेल त्याला. सदस्य आहे ना तो."

बाईंना दुसरा उपाय सुचला नाही. त्यांनी बिल्ले कपाटात टाकले आणि जे होईल ते होईल असं म्हणून त्या घरी गेल्या. रविवारी त्यांना जेवण गेलं नाही. नवऱ्याने धीर द्यायचा म्हणून सभागृहं फार घुमतात, आवाज कळत नाही, असं सांगितलं.

सोमवारी पाहणी मंडळ आलं. मंडळाचे अध्यक्ष एक वृद्ध गृहस्थ होते, उभं आयुष्य निरनिराळ्या समित्यांवर काढलेले. सकाळपासून त्यांना एकेक वर्ग दाखवला जात होता आणि प्रत्येक वर्गात तेच घडत होतं. पाचवीत बारा जणांनी स्वागत केलं. सहावीत प्रत्येक प्रमुखाने आपापल्या पदाची माहिती सांगितली. आठवीत दोन उपप्रमुखांत आधी कुणी बोलायचं यावरून हातघाई झाली आणि उपक्रम कोणता होता ते राहूनच गेलं. नववीच्या दाराशी आले तेव्हा अध्यक्षांच्या चेहऱ्यावर, आता आपल्याला घरी जाऊ दिलं तर बरं, असे भाव होते.

नववीत कुणीच स्वागत केलं नाही. मुलं गात होती. पाहुणे आले तशी दोन मुलं उठली, खुर्च्या लावल्या आणि परत आपल्या ओळीत जाऊन गायला लागली. गाणं संपलं तसे बाक बाजूला सरकले आणि नाटक सुरू झालं. राजमाता भलतीच रंगली. राजा मेला तेव्हा पेले खडखडले नाहीत, कारण वर्गात पेले नव्हते, आणि मंडळातल्या एका सदस्याने चक्क रुमाल काढला. मग कुणीतरी सगळ्यांच्या हातात धुतलेला कोबी दिला. तो का दिला हे कुणी सांगितलं नाही. पण सकाळपासून नुसती भाषणं खाल्लेल्या माणसांनी तो आवडीने खाल्ला.

"या वर्गाचा प्रमुख कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही. मोठ्या बाईंनी भूगोलाच्या बाईंकडे अशा नजरेने बघितलं, की बाईंनी आपली नजर जगाच्या नकाशावर नेऊन ठेवली. मुलं मात्र, सांगितल्यासारखी, शेवटून दुसऱ्या बाकाकडे बघायला लागली.

"तू कोण इथली?" अध्यक्षांनी थोरलीला विचारलं.

"सदस्य."

"आणि बाकीचे?"

"तेही सदस्यच."

अध्यक्ष खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, की गेली कित्येक वर्षं ते समित्यांवर बसताहेत आणि ज्या समितीवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष यांच्याशिवाय एखादा साधा सदस्य आहे, अशी समिती त्यांना आजवर भेटली नव्हती. इथे ती भेटली. पुढे जाणं कुठेही शिकवतात. बरोबर चालणं शिकवणारी बाई त्यांनी आज प्रथम पाहिली. एवढं बोलून त्यांनी भूगोलाच्या बाईंना सगळ्यांसमोर नमस्कार केला. बाईंनी तो स्वीकारला. अशा वेळी खुलासा करत बसणं बरं दिसत नाही.

सभागृह मंजूर झालं. मोठ्या बाईंचा आनंद गगनात मावेना. त्यांनी लगोलग शिक्षकांची बैठक बोलावली. मंडळाला एवढं आवडलं आहे, तर हा प्रयोग आता मुलांपुरता न ठेवता शिक्षकांमध्येही राबवायचा, असं त्यांनी जाहीर केलं. प्रत्येक शिक्षकाला एकेका उपक्रमाचं नेतृत्व मिळालं. गणिताच्या सरांना सभागृह-बांधकाम, चित्रकलेच्या बाईंना सजावट, खेळाच्या सरांना उद्घाटन, विज्ञानाच्या बाईंना विजेचे दिवे, भाषेच्या सरांना स्मरणिका. भूगोलाच्या बाई आपलं नाव येण्याची वाट बघत होत्या. या वेळी त्यांची तयारी होती. एखादं बऱ्यापैकी पद मिळालं तर त्या नाही म्हणणार नव्हत्या.

"आणि आपल्या भूगोलाच्या बाई," मोठ्या बाई गहिवरून म्हणाल्या, "ज्यांच्याकडून आपण हे शिकलो, त्या असतील आपल्या सदस्य."

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आतच गणिताच्या सरांनी खुर्ची बाईंच्या जवळ ओढली आणि विटांच्या हिशोबाला जरा बसाल ना असं विचारलं. चित्रकलेच्या बाईंना पताका कातरायला माणूस हवं होतं. खेळाच्या सरांना मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या होत्या. भूगोलाच्या बाईंना भिडेखातर नाही म्हणवेना. शुक्रवारपर्यंत त्यांच्या हाताला फोड आले, केसांत चुना गेला आणि स्मरणिकेसाठी 'सभागृह आणि मी' असा लेखही त्यांच्याकडून लिहून घेण्यात आला.

शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या नववीच्या वर्गात शिरल्या. व्हरांड्यातून विज्ञानाच्या बाई त्यांना हाका मारत होत्या. बाईंनी दार लोटून घेतलं. वर्ग बागेत गेला होता. थोरली तेवढी आपल्या बाकावर पुस्तक घेऊन बसली होती. तिला आज बागेने सुट्टी दिली होती. बाई तिच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. विद्यार्थिनीशी असं कसं बोलायचं, हे त्यांना कळेना. पण शेवटी सगळं सांगून टाकलं, विटांपासून दिव्यांपर्यंत.

थोरलीने पुस्तक मांडीवर टेकवून ऐकलं.

"पहिल्याच दिवशी सगळ्यांना हो म्हणालात?"

"हो."

"माझंही तेच झालं होतं." तिने पुस्तकात खूण घातली, ते मिटलं आणि बाकावर आत सरकून जागा केली. "बसा, बाई. आधी मला सांगा, ह्यातलं तुम्हाला मुळातच काय काय येत नाही?"

बाई बसल्या आणि सांगू लागल्या. शाळा सुटल्याची घंटा झाली, तरी त्यांचं सांगून व्हायचं होतं.